सर्वरची एकादशी

"आज एकादशी आहे. सर्व भाविकांनी उपवास धरावा. राम कृष्ण हरी."

मारुतीच्या देवळावरचा भोंगा बोलला आणि अंगणात मंजन लावत बसलेल्या तात्यारावांचं बोट दातांवरच थांबलं. आवाज त्यांचाच होता. तरुणपणीचा, खणखणीत, ऐकणाऱ्याला आपोआप ताठ बसवणारा. फक्त तो जे बोलला होता ते साफ चूक होतं.

मागच्या अंगणात मोठ्या चुलाण्यावर पुरणाची डाळ शिजत होती. नात मंजुश्रीचा आज साखरपुडा होता. निंबर्ग्याहून पाहुणे दुपारपर्यंत पोचणार होते आणि सगळ्या गावाला जेवणाचं आवतण होतं.

त्यांच्या पत्नी राजूबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "भोंगा काय म्हणायलाय, ऐकलाव का?"

"चुकायलाय. आज दशमी हाय."

"मग बोललं कोण?"

"मीच."

"मग चुकलं कोण?"

तात्याराव चूळ भरायला उठले.

कमलनगरजवळच्या या सीमेवरच्या गावात एके काळी एकादशीवरून फार वाद व्हायचे. निम्म्या भिंतींवर मराठी कॅलेंडर, निम्म्या भिंतींवर कानडी पंचांग, आणि दोघांचं काही महिने जमायचंच नाही. थोरल्या भावाचा उपास आणि धाकट्याच्या घरी त्याच दिवशी पोळ्या, असं चालायचं. तेव्हा तात्याराव टेलिफोन एक्स्चेंजात होते. तिथं मोडीत निघालेला एक सर्वर त्यांनी लिलावात घेतला, गावच्या सूर्योदयावरून तिथी काढणारा प्रोग्राम रात्रंदिवस खपून लिहिला, स्वतःच्या आवाजात सगळ्या तिथ्या भरल्या आणि देवळात नेऊन ठेवला. मारुतीपुढं गावानं नारळ फोडून ठरवलं, सर्वर म्हणेल ती एकादशी. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष मुद्दाम गुरुशांतप्पा किराणावाल्यांना केलं, कारण ते बसवण्णांना मानणारे. ज्यांच्या घरात एकादशीच नाही, ते कुणाची बाजू कशाला घेतील?

तेव्हापासून गाव एका दिवशी उपाशी राहायचं आणि एका दिवशी जेवायचं. आता तात्याराव थकले होते, आवाज चिरकला होता, आणि घरात त्यांनी "पाणी आणा" म्हटलं तरी दोनदा म्हणावं लागायचं. पण पहाटे भोंगा बोलला की सगळं गाव ऐकायचं. याचं त्यांना कधी सुख वाटायचं, कधी थोडा हेवासुद्धा.

चूक कुठं झाली ते पायात चप्पल सरकवतानाच त्यांच्या ध्यानात आलं. सर्वरच्या घड्याळाचा सेल कधीच संपला होता. लाईट गेली की तारीख हातानं भरावी लागायची. काल संध्याकाळी लाईट गेली होती. दिवसभर फोनवर सगळ्यांना साखरपुड्याची तारीख सांगून सांगून बोटांना तीच पाठ झाली होती, आणि बोटांनी कालच आजची तारीख भरून टाकली होती. आज सकाळी सर्वर उद्यात पोचला होता.

"मी घरोघर सांगून येतो," ते म्हणाले.

पहिल्याच घरी माउली भेटले. वयानं तात्यारावांपेक्षा मोठे, नेमाला सगळ्यांत कडक. "माउली, आज दशमी हाय बरं का. दुपारी जेवायला या."

"कोण म्हणतंय दशमी?"

"मी म्हणतो."

"तात्या, पहाटं तूच म्हणलास एकादशी. आता तूच म्हणायलास दशमी. मी कुठल्या तात्याचं ऐकू?"

"ह्या तात्याचं! समोर उभा हाय की!"

माउलींनी त्यांना खालून वर पाहिलं. "त्यो आवाज कसा ठाम हुता," ते म्हणाले आणि माळ ओढायला लागले.

पुढच्या घरी शाबू भिजला होता. त्याच्या पुढच्या घरी तिथल्या सुनेनं दारातूनच सांगितलं, "साखरपुड्याला येतो की मामा. जेवणाचं तेवढं ऱ्हाऊ द्या." गुरुशांतप्पांच्या दुकानात भगरीचं पोतं तळाला गेलं होतं.

"अण्णा, देवळाची किल्ली द्या. तारीख चुकलीय."

"चुकली म्हणजे?" गुरुशांतप्पांनी तराजू खाली ठेवला. "एवढ्या वर्षांत कधी चुकली न्हाई, आन् आज तुमच्या घरी पोळ्या म्हणून चुकली? लोक काय म्हणतील, तात्याराव?"

"लोकांचं नंतर बघू. तुम्ही चला माझ्यासंगं."

देवळाच्या मागच्या खोलीत सर्वर घुमत होता. पांढरा रंग पिवळा पडलेला, कपाळाला दसऱ्याचं कुंकू, आतला पंखा दमेकऱ्यासारखा. तात्यारावांनी तो बंद केला, पुन्हा चालू केला, आणि मग मात्र थांबणं भाग होतं. चालू होताना सर्वर आपल्या जुन्या सोबत्यांना एकेक करून हाक मारायचा. एके काळी छपरांवरून वायरी गेलेल्या होत्या. शाळा, सोसायटी, वाचनालय आणि तात्यारावांचं घर. तिथल्या पडद्यांवरही रोजची तिथी दिसायची. घरून ते देवळात दोन शब्द पाठवायचे, "आरती झाली का?" आणि पुजारी एका बोटानं उत्तर लिहायचा, "चालू हाय."

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. शाळेला हाक गेली. सर्वर वाट पाहत बसला.

"काय करायलाय हे?" गुरुशांतप्पांनी विचारलं.

"शाळेला बोलवायलाय."

"शाळेतलं डबडं कधीच भंगारात गेलं की."

"त्याला ठाऊक न्हाई."

शाळेनं उत्तर दिलं नाही. सोसायटीला हाक गेली. तिथला कारभार मोबाईलवर गेला होता. मग वाचनालय, तिथं आता मोबाईलचं रिचार्ज मिळायचं. शेवटी तात्यारावांच्या घराला हाक गेली, जिथं कॉम्प्युटरच्या टेबलावर मिक्सर बसला होता. प्रत्येकासाठी सर्वर तेवढाच वेळ थांबला. ना घाई, ना राग.

"ही ओळ काढून का टाकत न्हाई?" गुरुशांतप्पा घड्याळाकडं बघत म्हणाले. "तुमचे पाहुणे यायची वेळ झाली."

"काढायला बसलो हुतो एकदा," तात्याराव म्हणाले. "मग वाटलं, रोज आठवण काढणारं एक तरी असावं गावात."

गुरुशांतप्पांनी घड्याळावरची नजर काढली. अखेर सर्वरनं तारीख विचारली. या वेळी तात्यारावांनी चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत ती भरली. भोंगा बोलला, "आज दशमी आहे. राम कृष्ण हरी."

तात्याराव हसत बाहेर आले. पारावर बायकांचा घोळका जमला होता.

"मामा, सर्वर बिघडला का काय तुमचा?"

"बिघडला हुता. आता नीट झाला."

"पहाटं एकादशी आन् आता दशमी? तिथी पुढं जाती. मागं कशी यील?"

हे शास्त्राला धरून होतं. तात्याराव घराकडं वळले.

निंबर्ग्याचे पाहुणे आले. गावही आलं, इस्त्रीचे कपडे घालून आलं. मंजुश्रीचं कौतुक झालं, विडे घेतले गेले. पण कुंकू लावून ओटी भरण्याआधी पंगत मांडली आणि गाव भिंतीला टेकून हात जोडून बसलं. "आमचा उपास हाय. तुमचं चालू द्या." पाटांच्या लांबलचक रांगेत निंबर्ग्याची तेवढी माणसं, आणि पुढं रिकाम्या पत्रावळी वाऱ्यानं उडायला लागलेल्या.

नवऱ्या मुलाचे वडील रामकिशन यांनी घासही उचलला नाही. ते उठून तात्यारावांना दाराआड घेऊन गेले.

"सगळ्या गावाचा उपास? आमच्याकडं उद्या एकादशी हाय."

"इथंबी उद्याच हाय."

"मग हे कामून जेवंनात?" रामकिशननी आवाज खाली आणला. "खरं सांगा. घर वाळीत टाकलंय का तुमचं? तसं काही आसंल तर मला सोयरीक करायच्या आधी कळू द्या. कुंकू थोडं थांबवा."

आत मंजुश्री नवं लुगडं सावरत बसली होती. सूनबाई अंबिका डोळ्यांना पदर लावून वाढत होती. तात्याराव घाईनं स्वयंपाकघरात आले.

"राजू, एक उपाय हाय. देवळात जाऊन तारीख दोन दिवस पुढं करतो. भोंगा म्हणंल, आज द्वादशी, पारणं फेडावं. तिथी पुढं गेलेली चालती लोकांना. धावत येतील."

राजूबाईंनी झारा खाली ठेवला. "देवळातनं खोटं बोलायचं?"

"पोरीचं लगीन मोडायलंय!"

"तुम्ही म्हणलाव, आज दशमी. खरंच दशमी हाय ना?"

"हाय."

"मग झालं की."

त्या बाहेर गेल्या. यजमानीणबाईंनी पाहुणे जेवून उठायच्या आधी पाटावर बसायचं नसतं. या घरात तसं कधी घडलं नव्हतं. राजूबाई विहीणबाईंच्या शेजारच्या पाटावर बसल्या, पत्रावळीवर स्वतःच पोळी वाढून घेतली, वर तूप घेतलं. भिंतीकडच्या माना वळल्या. ज्या बाईनं तापातसुद्धा एकादशी मोडली नव्हती, ती पोळीचा तुकडा मोडत होती.

माउली पुढं सरकले. "राजूबाई, दशमी म्हणताव?"

"व्हय."

"सर्वरनं सांगितलं?"

"न्हाई. ह्यांनी सांगितलं."

"त्याचं ऐकताव?"

"जन्मभर ऐकत आले. सर्वर काल आला," राजूबाई म्हणाल्या, आणि घास तोंडात घातला.

माउलींनी एकदा पुरणाकडं पाहिलं, एकदा आकाशाकडं. मग टोपी सारखी केली आणि पाटावर बसले. "वाढ गं अंबिका. तूप सोडू नको हात आखडून." ते बसल्यावर मग भिंतीला कोण टेकून बसणार? सकाळपासून वास घेऊन घेऊन दमलेलं गाव असं तुटून पडलं की अंबिकाला पोळ्या पुरवेनात. रामकिशन स्वतः पाटी घेऊन वाढायला उठले. "असं गाव पायजे," ते प्रत्येकाला सांगत होते. कुंकू लागलं, साखर वाटली गेली, आणि गुरुशांतप्पांनी लोकांनी सकाळी नेलेली भगर परत घ्यायला साफ नकार दिला. "उद्या लागंलच की," ते म्हणाले.

दिवेलागणीला पाहुणे निघून गेल्यावर तात्याराव ओट्यावर टेकले. इतकं हलकं त्यांना फार दिवसांत वाटलं नव्हतं. राजूबाईंनी भोंग्याचं नाही, त्यांचं ऐकलं होतं. आणि तेही सगळ्या गावासमोर. राजूबाईंशी दोन शब्द बोलावेत म्हणून ते उठले. देवघरासमोर त्या निरांजन लावून हात जोडून बसल्या होत्या. हळू आवाजात चाललं होतं.

"देवा, मला तिथीतलं काही कळत न्हाई. हे म्हणले म्हणून जेवले. दशमी आसंल तर चांगलंच हाय. नसंल, तर मला दोष लावू नको, ह्यांना लाव." त्यांनी वात सारखी केली. "पर लई लावू नको. गुडघे धरल्यात त्यांचे."

तात्याराव पाऊल न वाजवता मागं फिरले. ओट्यावर येऊन बसले. मग अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून त्यांनी अमावस्येपासून एकेक तिथी पुन्हा मोजायला घेतली.