हात मागे, डोळे बंद

आमच्या लॉजवर कुणी पत्ता विचारला, की वेटर आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचा आणि मगच तोंड उघडायचा. नवीन गिऱ्हाईक बिचकून दोन पावलं मागं सरायचं. ही सवय लावली वामन गुरुजींनी.

परभणी स्टेशनाजवळचं हे लॉज. मी तिथं खोल्या झाडायची, चादरी धुवायची. कृषी विद्यापीठात अधूनमधून परदेशी पाहुणे यायचे. तिथं जागा नसली की आमच्याकडं उतरायचे. अशाच एका साहेबानं संडास कुठं म्हणून विचारलं आणि रंगनाथ वेटरनं हातवारे करून त्याला थेट स्वैपाकघरात पाठवलं. मालक किसनराव लाजेनं अर्धे झाले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वामन गुरुजींना आणलं.

गुरुजी इंग्रजीचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बोली अशी ठरली, की त्यांनी रोज दुपारी नोकरांना इंग्रजीत नीट सांगायला शिकवायचं. बदल्यात जिन्याखालची खोली आणि जेवण. शिकवणं थांबलं, की खोली सोडायची. मग उरायचा ताडकळसचा पुतण्या. "तो मला ठेवील हो," गुरुजी हसत म्हणायचे, "ओसरीवर, सरकीच्या पोत्यांशेजारी."

गुरुजींचं म्हणणं, आपल्या माणसाला पत्ता तोंडानं सांगताच येत नाही. "हे असं जायचं, मंग असं वळायचं, की तितंच हाय." त्यातलं सगळं 'असं' हातात. म्हणून वर्गात पहिला हुकूम, हात मागे. मग ते स्वतः अंगणात डोळे मिटून उभे राहायचे. "आता मी पाहुणा. सांगाल तेवढंच करीन. न सांगितलेलं करणार नाही. क्लियर?"

आणि खरंच तसंच करायचे. रंगनाथ 'गो स्ट्रेट' म्हणाला आणि पुढचं त्याला आठवेना, तर गुरुजी सरळ जाऊन भिंतीला नाक टेकवून उभे राहिले. एकदा तो 'वॉक' म्हणून चहा गाळायला आत गेला. बाहेर येऊन बघतो, तर गुरुजी नाहीत. शोधत शोधत पार रेल्वे फाटकापाशी सापडले.

"कामून एवढ्या लांब आलाव गुरुजी?"

"तू स्टॉप म्हटलंच नाहीस."

"आवो, पण तुमाला कळत न्हाई व्हय?"

"मला कळतं रे. पाहुण्याला कळत नाही."

पुढं एक गोरा साहेब आला. रंगनाथनं हात मागं बांधून, छाती काढून, त्याला बाजाराचा रस्ता इंग्रजीत सांगितला. साहेबाला वाटलं, ही इकडची रीतच असावी. त्यानंही हात मागं बांधले, मान लववली आणि तसाच हात बांधून बाजारात गेला. गुरुजी दिवसभर खूष होते.

पण असे साहेब विरळाच. ती नामांतराची वर्षं. कधी बंद, कधी मोर्चा. एसट्या थांबायच्या आणि लॉज ओस पडायचं. पाहुणा नसला तरी वर्ग व्हायचाच. उन्हानं अंगण तापलेलं, सगळ्यांचे डोळे पेंगुळलेले, रंगनाथ जांभई देता देता लेफ्ट-राइट म्हणायचा. मी पायरीवर चादरींच्या घड्या घालत ऐकायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं, कंटाळासुद्धा आला होता.

"यशोदाबाई, तुम्ही या की," गुरुजी म्हणायचे.

मी पदर पुढं ओढायची. "मला नगं. चवथीपस्तोर शिकले मी."

"स्टॉप म्हणायला चौथी पुष्कळ झाली."

किसनरावही कंटाळले होते. "गुरुजी, सायेब येईनात. कवर चालवायचं हे?"

"येतील. रंगनाथचं अजून क्लियर नाही," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा मला वेगळा वाटला.

पुन्हा एक बंद आला. रंगनाथ आपल्या गावी पाथरीकडं अडकलेला, मालक घरी. मी अंगणातल्या, जमिनीत बांधलेल्या हौदाचं झाकण काढून पाणी उपसत होते. धुतलेल्या चादरींची बादली घेऊन वाळत घालायच्या दोरीपाशी गेले, तोच गुरुजी खोलीतून निघाले आणि सरळ हौदाकडं चालू लागले. मला वाटलं, पाहुणा झालेत. पण सांगणारं तर कुणीच नव्हतं. आणि त्यांचे डोळे उघडे होते.

"स्टॉप!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गुरुजींचा पाय हौदाच्या काठाशी अधांतरी थांबला.

"कोण?"

मी लख्ख उन्हात त्यांच्या समोर उभी होते.

"मी यशोदा."

"हां." त्यांनी हळूच पाय मागं घेतला. "क्लियर होतं."

"कवापासून दिसंना, गुरुजी?"

"उजवा डोळा मागेच गेला. डाव्याला नुसत्या सावल्या. डॉक्टर म्हणतात, आता परत यायची नाही नजर." मग म्हणाले, "एवढ्यांना शिकवलं. वाटलं, वेळ येईल तेव्हा कुणीतरी नीट सांगेल. किसनरावांना बोलू नका. ती ओसरी नको वाटते."

बंद उठल्यावर मी वर्गात जाऊन उभी राहिले, हात मागं बांधून. सगळे फिदीफिदी हसले. किसनराव गल्ल्यावरून ओरडले, "आता यशोदाबाई बी इंग्रजी फाडायल्या व्हय!"

"टर्न लेफ्ट, गुरुजी," मी म्हणाले. "वॉक. स्टॉप. सिट."

ते बरोबर खुर्चीत बसले.

मग नळापर्यंत वर्ग, पंगतीपर्यंत वर्ग, संध्याकाळी फाटकापर्यंत वर्ग. बाईला इंग्रजीचं खूळ लागलं, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. खोली काही त्यांनी मागितली नाही.

वर्गात गुरुजी पूर्वीसारखेच डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही दोघंच असलो, की मात्र उघडे ठेवायचे.