गद्र्यांच्या गॅरेजातले लेखक

इथे ऑकलंडला, बॉटनी उपनगराच्या शॉपिंग सेंटरमध्ये बाकावर एखादे मराठी आजोबा दिसले, की आमचे गद्रे थेट त्यांच्या शेजारी जाऊन बसतात आणि विचारतात, "नमस्कार. आपण काय लिहिता?"

"लिहिता का?" असं नाही. लिहितात हे गृहीतच. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेला, मुलाचं जुनं जॅकेट आणि कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज घातलेला तो गृहस्थ आधी दचकतो. मग म्हणतो, "छे हो, मी कसला लिहितोय!" गद्र्यांच्या मते लेखक असल्याचा हाच पुरावा. "मराठी माणूस रिटायर झाला की लिहितोच," ते म्हणतात, "फक्त पहिल्या भेटीत कबूल होत नाही."

गद्रे आमच्याच रस्त्यावर राहतात. स्वतः रिटायर झालेले इंजिनिअर. वहिनी काही वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी मेलबर्नला. घरात पुस्तकं इतकी, की सोफ्यावरही माणसाला बसायला जागा नाही. म्हणून लेखकांच्या भेटी गॅरेजात होतात. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : "लेखक हाताशी आहे. सोडायचा नाही. रविवारी तीन. चहा माझा, खाणं तुमचं." तो वाचून माझी लेक ओरडते, "डॅड, गद्रे अंकल कॉट अनदर वन!"

गाडी ड्राइव्हवेवर काढायची, लॉनमोवरवर चादर घालायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, हीटर लेखकाच्या पायाशी ठेवायचा. ही सगळी कामं शेजारधर्म म्हणून माझ्याकडे. तीन वाजले की गद्रे रिमोट दाबतात आणि शटर खाली यायला लागतं. उशिरा येणाऱ्याने वाकून आत शिरायचं. एकदा एक डॉक्टरीणबाई ढोकळ्याचा डबा पुढे ढकलत अक्षरशः रांगत आत आल्या. गद्र्यांनी प्रास्ताविक न थांबवता डबा उचलून टेबलावर ठेवला.

आता ऑकलंडला मुद्दाम कोण लेखक येणार? येतात ते मुलांना भेटायला, नातवंडं सांभाळायला. त्यात जो सापडेल तो आमचा. पाटबंधारे खात्यातले एक साहेब कालव्यांच्या गळतीवर पुस्तक लिहून आले होते. ते दीड तास बोलले. मधुमेह्यांसाठी गोड पदार्थांचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी सगळ्यांना लाडू दिले, ते गळ्याखाली उतरवायला गद्र्यांना चहाचं आधण पुन्हा ठेवावं लागलं. पण गद्रे दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून बसले होते. प्रत्येकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला : "हे बसून लिहिलंत की फेऱ्या मारत?" साहेब म्हणाले, "कालव्यावर उभं राहून." गद्रे धन्य झाले.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांना खरोखरीची मोठी लेखिका मिळाली. पुण्याच्या एक नावाजलेल्या कादंबरीकार बाई ऑकलंडातच, माउंट रॉस्किल भागात लेकीकडे आल्या होत्या. गद्रे हरखून गेले. त्यांनी गॅरेजची जमीन धुतली. आणि त्याच आठवड्यात बॉटनीच्या बाकावर त्यांना मिरजेचे लिमयेआजोबा सापडले. नेहमीचा प्रश्न विचारल्यावर आजोबा दचकले नाहीत. सरळ म्हणाले, "हो, लिहितो की थोडंफार." इतक्या चटकन कबूल झालेला हा पहिलाच. लगेच मेसेज आला : "या रविवारी दोन लेखक!"

रविवारी आजोबा आले ते मुलगा-सुनेसह. सून कौतुकाने सांगत होती, "बाबा लिहितात हे आम्हाला माहीतच नव्हतं! हीप्स ऑफ लोकांना मेसेज केलेत मी." तिने त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा केला होता आणि आता ती पहिल्या रांगेत फोन सरसावून बसली होती. थोड्या वेळाने आजोबांनी मला चहाच्या टेबलामागे गाठलं.

"अहो, मी रजेच्या अर्जाशिवाय जन्मात काही लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "काहीतरी करा हो. सुनेसमोर शोभा होईल."

मी गद्र्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते आनंदाने म्हणाले, "विनय! खऱ्या लेखकाचा विनय!" आणि त्यांनी रिमोट दाबला. शटर खाली आलं. पळायची वाट बंद.

कादंबरीकार बाई छान बोलल्या. त्या बसून लिहितात, हेही कळलं. मग गद्रे आजोबांकडे वळले. "आता आपले दुसरे लेखक. लिमयेसाहेब, आपण काय लिहिता?"

आजोबा उठले. सुनेने फोन वर धरला. मला त्या क्षणी गद्र्यांचा मनापासून राग आला.

"मी काहीच लिहीत नाही," आजोबा म्हणाले. "मी खोटं बोललो. मुलगा-सून सकाळी कामाला जातात. चांगली आहेत हो पोरं, रात्री दमून येतात. नातू बोलतो, पण इंग्लिशमध्ये. मी बसने बॉटनीत येतो आणि बसतो. येणारे-जाणारे इथला नमस्कार, 'किया ओरा', म्हणतात, हसतात, पुढे जातात. चार महिन्यांत हे गृहस्थ पहिले, जे शेजारी बसून मराठीत बोलले. मी नाही म्हटलं असतं, तर उठून गेले असते."

सुनेचा फोन केव्हाच मांडीवर आला होता. कादंबरीकार बाई खाली मान घालून बसल्या होत्या. आता गद्रे काय करणार? लेखक नसलेल्या माणसाशी बोलताना आम्ही त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

गद्र्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"लिमयेसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हटलं असतंत, तरी मी उठलो नसतो. घरी जाऊन करू काय?"

सगळे मनापासून हसले. गद्र्यांचं बोलणं ऐकून हसायची आम्हाला इतक्या वर्षांची सवय. लिमयेआजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली, भिंतीला टेकवलेली एक रिकामी खुर्ची उघडून शेजारी मांडली आणि म्हणाले, "बसा. उभे किती वेळ राहाल?"