चुका करणारे अक्रमभाई

अक्रमभाईंना आमच्या ऑफिसात पगार मिळायचा तो चुका करण्याबद्दल.

फोन नंबराच्या जागी ते आंब्याचा भाव लिहायचे, पिनकोडच्या जागी 'मिरजोळ्याला उतरून विचारा'. जन्मतारीख एकतीस फेब्रुवारी. मग बटण कोपराने दाबायचे. प्रोग्रॅम कोलमडला की खूश. "मेघना, ये गो बघायला. मेला तुझा!"

ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. माळनाक्यावर आम्ही चारपाच जण वेबसाइटी बनवायचो. प्रोग्रॅम मी लिहायची आणि कुवेतहून परतलेले, पन्नाशीचे अक्रमभाई तपासायचे.

"असं कोण लिहितं?" मी चिडायची.

"माणसं लिहितात. माणूस मूर्ख नसतो गो, घाईत असतो."

एका बागायतदारासाठी हापूसच्या पेट्या मागवायच्या साइटचं काम चाललं होतं. बटण दोनदा दाबलं की मागणीही दोनदा जाते, हे त्यांनीच पकडलं. पण त्यांचा खरा हट्ट वेगळा. काहीही बिघडो, भरणाऱ्याने लिहिलेलं पुसलं जाता कामा नये.

आमचे साहेब हसले. "चार ओळींचा तर पत्ता! परत लिहितील की."

"परत नाही लिहिता येत, साहेब," म्हणून अक्रमभाई गॅलरीत निघून गेले. एवढा चेष्टेखोर माणूस, पण चेहरा पार उतरलेला. मी चहा घेऊन मागोमाग गेले.

"मोठा भाऊ दुबईत होता," ते म्हणाले. "बागेच्या वाटणीवरून बोलणं तुटलेलं. एका ईदला सायबर कॅफेत बसून त्याला सगळं लिहिलं. माझं चुकलं ते. अम्मी शेवटी त्याचंच नाव घेत होती ते. बटण दाबलं, तर म्हणे वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. सगळं गेलं."

"मग?"

"परत बसलो, पण हात चालेना. नुसतं ईद मुबारक धाडलं. त्याचंही तेवढंच आलं. पुढे दर ईदला तेवढंच. मग तो तिकडेच वारला."

त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम बदलला; काही बिघडलं तरी लिहिलेलं जागच्या जागी राहील असा.

ईदला त्यांच्या घरी गेले, तेव्हा दुबईच्या पुतण्याचा दोन शब्दांचा मेल आला होता. अक्रमभाई उत्तर द्यायला बसले. दोन बोटांनी, शोधत शोधत लिहीत राहिले. भाभींनी ठेवलेला शिरखुर्मा निवून गेला, तरी उठले नाहीत.