सर्वर, फरशी आन पावण्यांचं जेवण

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. सर्वरचा लॉग मला कळतो! वैद्य नाडी धरतो तसा मी लॉग धरतो. सर्वरला आत कुठं दुखायलंय, कशात अडकायलंय, ते सगळं तो ओळीओळीनं लिहून ठेवत असतो. फक्त वाचणारा पाहिजे! आन हुमनाबादच्या आमच्या कॉलेजात तो वाचणारा म्हणजे मी, रत्नपाल, मूळ गाव दुबलगुंडी, सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सध्या तात्पुरता.

सर्वरची जागाबी मीच हेरली. टेबलं सगळी डुगडुगती, म्हणून त्याला भिंतीत बसवलेल्या शहाबादी फरशीवर ठेवलं. फरशी चार बोटं जाड, आन एवढी लांब की गवंड्यानं तोडायचा कंटाळा करून ती भिंतीतून तशीच पलीकडं काढलेली.

"सर, हिच्यावर हत्ती उभा केला तरी सर्वर हलायचा न्हाई!" मी प्रिन्सिपल सोमशेखर सरांना म्हणलं.

"हत्तीचं राहू दे," सर म्हणले. "सगळ्या पोरांची परीक्षा एकदम कॉम्प्युटरवर हाय. सुखरूप झाली तर तुझी नोकरी कायम. मधीच सर्वर बसला, तर तूबी दुबलगुंडीला जाऊन बस!"

मी हसलो. हसायला काय जातंय! पण नोकरी कायम झाल्याबगर कोहिनूर गावचे बळीराम मामा त्यांच्या लेकीचं, स्नेहलचं लग्न माझ्याशी लावून देणार नव्हते. हे स्नेहलनंच मला फोनवर रडत सांगितलेलं. म्हणजे बघा, माझा अख्खा संसार त्या फरशीवर!

दुसऱ्याच दिवशी सकाळी लॉगमधी लाल ओळी आल्या. डिस्क वाचता येईना. परत प्रयत्न. परत येईना. आन तिच्या पाठोपाठ बस एरर! ही बस म्हणजे सर्वरच्या आतली वाट, जिच्यावरनं माहिती ये-जा करती. ती वाटच धडधडायली. दुपारी बघितलं तर सगळं शांत. संध्याकाळी परत लाल!

मी केबल बदलली. यूपीएस बदलला. अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर मिठाचं पाणी ओतलं. उंदरावर संशय धरून पिंजरा लावला, त्यात माझाच अंगठा घावला. वायरमनला म्हणलं, व्होल्टेज खालीवर होयलंय. त्यानं मीटर लावून दाखवला आन जाताजाता म्हणला, "व्होल्टेज बराबर हाय साहेब. तुमचंच डोकं खालीवर होयलंय."

मला जेवण जाईना. डोळा लागला की सपनात लाल ओळी!

शेवटी सरांनी गुलबर्ग्याहून अमरनाथ अण्णांना बोलावलं. मोठमोठ्या हापिसांचे सर्वर सांभाळणारा माणूस! सरांनी पयला हुकूम सोडला तो सर्वरचा न्हाई, जेवणाचा. "गुलबर्ग्याहून माणूस आलाय, उपाशी जाता कामा नये!" भिंतीपलीकडंच होस्टेलचं सैपाकघर. तिथल्या भागम्माक्काला निरोप गेला.

अण्णांनी लॅपटॉप उघडला आन लॉग नळासारखा वाहायला लागला. लाल, लाल, लाल!

"रत्नपाल, डिस्क मरायलीय."

"अण्णा, नवीकोरी हाय!"

"नवी माणसं मरत न्हाईत का?"

दुसरी डिस्क घातली. अण्णा पोटभर जेवले, ढेकर दिला, दुपारभर लॉगसमोर बसले. एक ओळ न्हाई! "बघ," म्हणले, आन गेले. त्यांची गाडी वेशीबाहेर पडली असंल-नसंल, की लाल ओळ आली.

मग अण्णा आणखी दोन जाणकार घेऊन आले. तिघांचा पाहुणचार. त्या दिवशी लॉगनं कहरच केला! जेवढी जाणकार माणसं जास्त, तेवढ्या चुका जास्त. असला आजार मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. एक जाणकार तर हळूच म्हणला, "जागेचाच काही दोष हाय का?" मी लई जोरात म्हणलं, "जागेचं नाव काढू नका! हिच्यावर हत्ती..."

आन परीक्षेच्या आदल्या दिवशी, सकाळी सकाळी, दारात कोण? बळीराम मामा!

"जय भीम, मामा!" माझा आवाज शेळीसारखा निघाला.

"जय भीम. म्हणलं, पोराची नोकरी डोळ्यानं बघून यावं." मामांनी आत नजर टाकली. तीन माणसं सर्वरपुढं माना खाली घालून उभी. मामांनी टोपी काढली. "कोण गेलं?"

"कोण गेलं न्हाई मामा! तपासणी चालू हाय."

"मग तोंडं अशी कामून झाल्यात?"

तेवढ्यात सोमशेखर सर आले. "पावणे? कोहिनूरचे? रत्नपाल, जेवल्याशिवाय सोडायचं न्हाई त्यांना! जा, भागम्माला सांग."

लॉगवरची नजर काढायची माझी हिंमत नव्हती. चालू लॅपटॉप तसाच छातीशी धरून मी सैपाकघरात गेलो. भागम्माक्का ज्वारीच्या भाकऱ्या बडवायली होती. आमच्याकडं भाकरी नुसती थापत न्हाईत, बडवतात! कुठल्या घरात पावणे आलेत ते गल्लीला आवाजावरनं कळतं.

"अक्का, आणखी चार..."

थाप! लॉगमधी एक लाल ओळ.

थाप! आणखी एक.

मी लॅपटॉपकडं बघितलं. अक्काच्या हाताकडं बघितलं. हाताखालच्या फरशीकडं बघितलं. चार बोटं जाड. शहाबादी. भिंतीतून आलेली! माझी! माझी हत्तीची फरशी!

"अक्का, थांबा!"

अक्का थांबली. लॉग थांबला.

"बडवा!"

थाप! लाल.

"थांबा! बडवा! जोरात बडवा!"

"तम्मा, पीठ संपलंय की!"

"बिनपिठाचं बडवा!"

"अय्यय्यो, शिवा शिवा! ह्या पोराला काय झालंय!" तरी बिचारीनं रिकामी फरशी बडवली. ओळीवर ओळ! मी तिथंच नाचायला लागलो.

मागं वळून बघतो तर दारात बळीराम मामा. तांब्या घेऊन हात धुवायला आलेले.

"मामा, माझं लग्न ह्या फरशीवर अडलंय!" मी ओरडलो.

मामांनी तांब्या हळूच खाली ठेवला. दोन पावलं मागं सरकले. मग जेवण नको, पाणी नको, सरळ कोहिनूरची बस!

अमरनाथ अण्णांनी फरशीवर हात ठेवून खात्री केली. डिस्क आत गरगर फिरती, वाचणारं टोक तिच्यावर केसभर अंतरानं तरंगतं. त्यात पलीकडनं असा दणका! "पण आज सर्वर हलवायचा न्हाई," ते म्हणले. "उद्या परीक्षा हाय. ते बडवणंच बंद ठेवा." म्हणजे लॉग पेटला होता तो ह्या तिघांच्याच पाहुणचाराच्या भाकऱ्यांनी!

तेवढ्यात स्नेहलचा फोन. "बाबा म्हणायलेत, पोरगं भ्रमिष्ट हाय. बायकांना रिकामी फरशी बडवायला लावतंय. खरं हाय का?"

"खरं हाय, पण..."

फोन कट! आता नोकरी गेली तर नोकरीबी न्हाई आन नवरीबी न्हाई.

परीक्षेदिवशी भागम्माक्काला चित्रान्न करायला लावलं. "परीक्षेला भात?" ती फणफणली. "झोपतील की पोरं!" कोण ऐकतंय! मी लॉगसमोर श्वास धरून बसलो. परीक्षा सुरू झाली, मध्यावर आली, संपली. एक लाल ओळ न्हाई! सर्वर टक्क जागा. पोरं मात्र भात खाऊन माना टाकून पेंगायली. सोमशेखर सर बाकाबाकावर जाऊन उठवायले. पण सर्वर बसला नव्हता, आन सर शब्दाचे पक्के. नोकरी कायम! वर सरांनीच मामांना फोन लावून फरशीची भानगड समजावून सांगितली.

सर्वर हलवायचा ठरलं. भाकरी दुसरीकडं न्यायचं कोणी नावच काढलं न्हाई. कॉलेजात टेबलं सगळी डुगडुगती, त्यातल्या त्यात धड माझं. माझ्या टेबलावर सर्वर बसला. राहिलेल्या जागेवर, म्हणजे त्या फरशीवर, माझा लॅपटॉप आला.

ही गोष्ट मी तिथंच बसून टाइप करायलोय. एखादं अक्षर दोनदा उमटलं असंल तर सांभाळून घ्या. पलीकडं आज भाकऱ्या जरा जास्तच चालू हायत. सासरे आलेत जेवायला.