दोन बोटांची फट आणि एक अक्षर

रुग्णालयातल्या एक्स-रे खोलीचं दार लागत नव्हतं. दाराला आतून किरणं अडवणारा शिशाचा पत्रा होता, त्यामुळे ते भलतंच जड होतं. वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू निखळल्यापासून ते कलतं झालं होतं आणि चौकटीपाशी दोन बोटांची फट राहत होती. फटीच्या बरोबर समोर रुग्णांचा बाक होता. खोलीत बावीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी या फटीबद्दल अकरा अर्ज केले होते. अकराही अर्ज तारीखवार फाइलला लावलेले होते. निष्काळजीपणाचा आरोप या रुग्णालयावर कुणी करू नये.

हे मला ठाऊक आहे, कारण माझं उजवं मनगट मोडलं होतं आणि मी त्या बाकावर बसलो होतो.

बारावा अर्ज घेऊन बाई माझ्यादेखत प्रशासन अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. खोली बाकाला लागूनच, त्यामुळे कान टवकारण्याचेही कष्ट पडले नाहीत.

"साहेब, तीन स्क्रू द्या. लांबवाले. माणूस नको, मीच बसवते."

"बाई, स्क्रू म्हणजे दुरुस्ती. आणि दुरुस्तीला यंदा तरतूद नाही." साहेब कालच एका परिषदेहून परतले होते, तिथलं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. "मला सांगा, किरणांनी नेमकं होतं काय? पेशीतल्या डीएनएला इजा. ती भरून काढणारं जनुक प्रत्येकाच्या अंगात असतं. म्हणजे ज्याचं त्याचं स्वतंत्र दुरुस्ती खातं! रजा नाही, संप नाही. मग दाराच्या मागे कशाला लागायचं? ज्यांचं जनुक ठणठणीत, त्यांनाच खोलीत ठेवू."

"पण साहेब, तीनच स्क्रू..."

"विज्ञान कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे अडकलाय, बाई!"

जनुक तपासणीला तरतूद होती, कारण ती आधुनिकीकरणात बसत होती. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या गालाच्या आतून कापसाने नमुने घेतले गेले. पंधरा दिवसांनी अहवाल आले तेव्हा मी बाकावरच होतो. मधल्या काळात माझा नंबर पाचवरून चारवर आला होता.

बाईंच्या जनुकाच्या लांबलचक मजकुरात एका ठिकाणी एक अक्षर वेगळं निघालं. पुढे छापलं होतं : परिणाम अनिश्चित.

"याचा अर्थ, आम्हाला माहीत नाही, इतकाच," अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाई साहेबांना समजावत होत्या. "असं एखादं अक्षर बहुतेकांत वेगळं असतं. त्याने काही बिघडतंच असं नाही."

"पण फॉर्मवर चौकोन दोनच आहेत. योग्य आणि अयोग्य. 'माहीत नाही' कुठे लिहू?"

"कुठेच लिहू नका."

"रिकामा चौकोन तपासणीत अडकतो, डॉक्टर."

तेव्हा बाई अयोग्य झाल्या. त्यांची बदली कागदपत्रांच्या खोलीत झाली आणि पहिलं काम मिळालं ते स्वतःच्या बारा अर्जांवर क्रमांक घालण्याचं.

एकही अक्षर इकडचं तिकडे नाही असा अख्ख्या रुग्णालयात एकच निघाला, फाटकावरचा शिपाई. त्याला मशीनवर बसवलं गेलं.

"साहेब, मला यातलं काही येत नाही हो," तो बिचारा हात जोडून म्हणाला.

"तुला नसेल. तुझ्या पेशींना येतं."

पहिल्याच दिवशी त्याने एका आजोबांच्या गुडघ्याऐवजी खुर्चीच्या पायाचा फोटो काढला. पाय कुठेही मोडलेला नव्हता, म्हणून आजोबांना घरी पाठवण्यात आलं. महिनाअखेरीस रुग्ण बरे होण्याचं प्रमाण दुप्पट झालं.

मग आमची पाळी आली. बाक फटीसमोर असल्याने त्यावर यापुढे योग्य जनुकवाल्यांनीच बसावं, असं परिपत्रक निघालं. बाक हलवा, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही सगळे आनंदाने तोंड उघडून रांगेत उभे राहिलो. प्रमाणपत्र मिळालेले ऐसपैस बसले आणि न मिळालेल्यांकडे, यांनी घरीच काही तरी करून ठेवलं असणार, अशा नजरेने पाहू लागले. मी बसलेल्यांत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

अखेर साहेबांचा स्वतःचा अहवाल आला. बाईंचं जे अक्षर, तेच साहेबांचं. एका अक्षराचाही फरक नाही. या खेपेला 'अनिश्चित'चा अर्थ 'काळजी घ्यावी' असा झाला. त्याच दुपारी सुतार आला आणि साहेबांच्या खोलीला चारही बाजूंनी शिशाचा पत्रा ठोकून गेला. आधुनिकीकरणात.

तो निघाला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे तीन स्क्रू मागितले. त्याने पेटीतून मूठभर काढून दिले. बाईंनी कागदपत्रांच्या खोलीतलं स्टूल आणलं, दार खांद्याने उचलून धरलं आणि पाच मिनिटांत स्क्रू पिळले. कित्येक वर्षांत ते दार पहिल्यांदाच असं घट्ट लागलं असावं. पदराने हात पुसत त्या आम्हाला म्हणाल्या, "बसा आता निवांत."

आम्ही पाच मिनिटं निवांत बसलो. मग चुळबुळ सुरू झाली. दार बंद, तर आत कितवा नंबर चाललाय ते दिसणार कसं? मधेच कुणी घुसलं तर? कुणीतरी अर्ज करायला हवा, असं सर्वानुमते ठरलं. मजकूर मी लिहिला, डाव्या हाताने.

बाईंचे बारा अर्ज फाइलला लागले होते. आमचा अर्ध्या तासात मंजूर झाला. स्क्रू काढण्यात आले. फट पूर्ववत दोन बोटांची झाली आणि अनधिकृत दुरुस्तीबद्दल बाईंना निलंबित करण्यात आलं.

पिशवी घेऊन बाकासमोरून जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"हात कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या बाजूने मान काढून फटीतून आत पाहिलं. माझा नंबर अजून चारच होता.

त्या अर्जावर एकोणीस सह्या आहेत. तुमची त्यात नाही, मान्य. त्या दिवशी तुम्ही बाकावर नव्हता, इतकंच.