अर्धी बाहेर आलेली खीळ

एका जंगलाला स्वतःची तोफ होती. हसू नका. राज्य म्हटले की तोफ लागतेच.

दर उन्हाळ्यात तरसांची टोळी खिंडीतून येई आणि लहान पिल्ले उचलून नेई. म्हणून सिंह महाराजांनी तोफ ओतवून घेतली. ती रोज सकाळी गुहेतून खिंडीच्या तोंडाशी ओढत न्यायचे काम मालोबा रेड्याचे.

वीस वर्षे त्याने ते केले. वंगण तोच घाली, चाक तोच ठोकी. त्याला अक्षर येत नव्हते. पण चाक कुरकुरले की त्याचे कुठे दुखते ते कळे. खिंडीमागच्या कुरणात त्याची पाच नातवंडे चरत. तरस कसे दिसते हे त्यांना ठाऊक नव्हते. मालोबाला याचा फार अभिमान होता.

मग दरबाराने सुधारणा केली. दुरुस्तीच्या तीन पायऱ्या ठरल्या. फडक्याने होणारे काम पहिल्या पायरीचे. ते मालोबाने करावे. हातोडी लागेल ते दुसऱ्या पायरीचे. ते घोरपडबाईंनी करावे. सुटून पडलेले परत बसवणे ही तिसरी पायरी. त्यासाठी नदीपलीकडून अस्वल मिस्त्री येतील. घोरपडबाईंकडे सगळे कागदही दिले, कारण त्या एकदा चिकटल्या की सुटत नसत.

एके सकाळी मालोबाला दिसले, की डाव्या चाकाची खीळ अर्धी बाहेर आली आहे. ही खीळ आसाच्या टोकाला असते. ती पडली की चाक निघाले. पूर्वी त्याने एक खूर हाणला असता. आता तो बाईंना घेऊन आला.

बाईंनी खीळ मोजली. म्हणाल्या, "अर्धी आत आहे, म्हणजे सुटलेली नाही. अर्धी बाहेर आहे, म्हणजे धड लागलेलीही नाही. मालोबा, ही कुठल्याच पायरीत येत नाही."

"एक घाव घाला. आसात गेली म्हणजे झालं."

"आधी पायरीत जाऊ दे."

अस्वल मिस्त्रींना निरोप धाडला. त्यांनी कळवले, पडली की बोलवा. तोवर मालोबाने खीळ रोज पुसावी असे ठरले. तो पुसू लागला. खीळ चकचकीत झाली आणि पुसून पुसून आणखी थोडी बाहेर आली.

आठव्या दिवशी तो तोफ ओढायला निघणार तोच खिंडीपलीकडे धूळ दिसली. मालोबाने फडके टाकले आणि खिळीवर एकच खूर हाणला. खीळ आत गेली. त्याने तोफ खिंडीशी नेली, माकडांनी बत्ती दिली, तरसे शेपूट घालून पळाली. नातवंडांनी चरताना मानही वर केली नाही.

तुम्हाला वाटेल, मालोबाच्या गळ्यात हार पडला. तुम्ही लहान आहात.

चौकशी बसली. घोरपडबाईंनी विचारले, "खूर हे फडके समजायचे की हातोडी?"

"खूर समजा."

"कोणत्या पायरीचा?"

"माझा."

उत्तर उद्धट ठरले. मालोबाला पहिल्या पायरीवरून उतरवायचे होते, पण खाली पायरीच नव्हती. मग त्याच्यासाठी एक नवी केली. तिथे उभे राहून फक्त पाहायचे. तोफ ओढायला दोन गाढवे नेमली.

आणि खीळ पूर्ववत करण्याचा हुकूम निघाला. म्हणजे होती तशी, अर्धी बाहेर. बाईंनी ती स्वतः उपसली. साक्षीदार मालोबाच होता, म्हणून त्यालाच विचारले, आता बरोबर आहे का.

"थोडी जास्त आलीय," तो म्हणाला.

बाईंनी हातोडी घेतली आणि ती जराशी आत ठोकली. बरोबर अर्ध्यावर थांबल्या.

चार दिवसांनी तरसे परत आली. गाढवांनी तोफ ओढली. वाटेतच चाक निघाले आणि तोफ दरीत गेली. मालोबा शिंगे खाली घालून कुरणाकडे धावला. धावण्याची पायरी त्याने कुणाला विचारली नाही. पण म्हातारे पाय ते. सकाळी पाच नातवंडे चरायला गेली होती. संध्याकाळी तीन घरी आली.

दुसऱ्या दिवशी अस्वल मिस्त्री आले. दरीत उतरून त्यांनी चाक चढवले आणि खीळ बसवली. एका घावाचे काम. प्रकरण अखेर तिसऱ्या पायरीचे ठरले, म्हणून घोरपडबाईंना फार हलके वाटले.

तात्पर्य : मुलांनो, खीळ सैल दिसली तर ठोकू नका, पुसत राहा. पडलेल्या खिळीला मिस्त्री मिळतो. राहिली दोन रेडकांची गोष्ट, तर ती कुठल्याच पायरीत येत नाहीत. त्यामुळे त्यांचे काम कुणालाच करावे लागत नाही.