नको असलेल्या व्यक्ती, पाचपर्यंत मोफत

कोणतेही ऐतिहासिक शहर हे माणसाच्या पाठीमागे असण्यासाठी बांधलेले असते. ज्यांनी ते बांधले त्यांना हे ठाऊक नव्हते. लोक येतील, मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहतील आणि वर बघतील, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीपायी त्यांनी दर्शनी बाजूला बरेच कोरीव काम करून ठेवले. आता ती चूक दुरुस्त झाली आहे. जाणता माणूस मनोऱ्याकडे पाठ करतो, पोट आत घेतो आणि समोर बघतो. (समोर बुटांचे दुकान आहे. मी गेलो होतो त्या शहरात पाहुण्यांनी सर्वांत बारकाईने पाहिलेली वास्तू तीच.)

पूर्वी हे काम लोक आपले आपण करत आणि त्यात फार चुका होत. कोणाचे डोळे मिटत, कोणाच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवे. म्हणून छायाचित्र फेरी ही सोय निघाली. एक व्यावसायिक फोटोग्राफर तुम्हाला जुन्या शहरातून चालवत नेतो, ठरलेल्या जागी उभे करतो, हातांचे काय करायचे ते सांगतो आणि तुम्ही नैसर्गिक दिसेपर्यंत सोडत नाही. शहर बघायचे राहून गेले तर ते नंतर घरी फोटोत बघता येते, खांद्यावरून जेवढे दिसेल तेवढे.

त्या शहरात अशा फेऱ्या काढणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रक मी पुष्कळ वेळा वाचले आहे. (घरात बोलायला कोणी नसले की माणूस छापील कागद नीट वाचतो.) त्यात लिहिले आहे, की पोशाख बिस्किटी रंगाचा असावा, म्हणजे इमारतींना त्रास होत नाही. हसू ओठांपाशी न थांबवता डोळ्यांपर्यंत न्यावे. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत: ‘ग्राहकाच्या फोटोतील नको असलेल्या व्यक्ती काढून टाकल्या जातील. पाच व्यक्तींपर्यंत मोफत.’

ही शेवटची सेवा मला माणसाची मोठी प्रगती वाटते. नको असलेल्या व्यक्तीला काढून टाकायचे म्हणजे पूर्वी केवढा खटाटोप असे. नातेवाईक मध्ये पडत, बोलणी होत, वर्षानुवर्षे येणेजाणे बंद राही. आता संध्याकाळपर्यंत काम होते.

घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या चौकात सकाळच्या उन्हात अशा सात-आठ फेऱ्या एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक फेरीला बाकीच्या नको असतात, त्यामुळे सगळेच सगळ्यांना काढून टाकतात. हिशेब केला तर कागदोपत्री त्या चौकात कित्येक वर्षांत एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसे आलेली नाहीत. (पुढच्या काळातील इतिहासकारांनी शहरात साथ आली होती असे अनुमान काढू नये.) मनोऱ्याच्या पायथ्याशी एक घड्याळदुरुस्तीवाला बसतो. माझ्या अंदाजाने त्याला आजवर चाळीस हजार वेळा काढून टाकले आहे. तब्येतीने अजून चांगला आहे.

आता मी या फेरीला का गेलो ते सांगतो.

माझी बायको गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडेना. फोटो नव्हते असे नाही. कोणी फोन उगारला की ती हात पुढे करायची. त्यामुळे आमच्याकडे तिचे सगळे फोटो तळहाताचे आहेत. अगदी स्पष्ट आलेले आहेत, रेषान् रेष दिसते. (भविष्य बघणाऱ्याला सोयीचे होते. आता त्याचा उपयोग नाही.) शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती आपल्यावर चोरीचा आळ आल्यासारखी बघते. इतकी वर्षे एका घरात राहिलो, पण असे तोंड तिने कधी केले नव्हते, माझा भाऊ न कळवता सहकुटुंब राहायला आला तेव्हासुद्धा नाही.

गेल्या वर्षी, ती जाण्याच्या चार महिने आधी, आम्ही बसच्या सहलीबरोबर त्या शहरात गेलो होतो. शहर बघायला नाश्ता आणि जेवण यांच्यामधला वेळ दिला होता. त्यात तिने पाहण्यासारखे म्हणून चहाचे एक गाळणे विकत घेतले. ते घेऊन आम्ही त्या चौकात आलो, तर पिवळे जाकीट घातलेल्या एका माणसाने हात आडवा करून सगळा रस्ता थांबवला होता. जाकिटाच्या पाठीवर संस्थेचे नाव होते. आम्ही वीस-पंचवीस माणसे मुकाट्याने उभी राहिलो.

“का थांबलोय आपण?” तिने विचारले.

“फोटो चाललाय.”

“कोणाचा?”

मी दाखवले. मनोऱ्यापुढे बिस्किटी कपड्यांतले एक जोडपे कपाळाला कपाळ लावून उभे होते.

“मग त्यांनी थांबावं. आपण कशाला?” ती म्हणाली, आणि निघाली. कॅमेरा आणि ते जोडपे यांच्या बरोबर मधून. मी कायदा पाळणारा माणूस, जागेवरच राहिलो. अर्ध्यात गेल्यावर तिने मागे वळून बघितले, मी अजून तिथेच उभा आहे हे पाहून हसली आणि म्हणाली, “अहो, या की.”

कॅमेरा चालू होता. आणि कोणी आपला फोटो काढते आहे हे तिला कळले नव्हते, म्हणजे हात पुढे आलेला नव्हता.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती ओळखपत्रावरचा फोटो भिंतीवर चढवल्यानंतर. मी संस्थेला फोन केला. पलीकडच्या माणसाने आदराने ऐकून घेतले आणि सांगितले, की संस्थेचा संबंध फक्त ग्राहकांशी येतो, मागच्यांशी येत नाही. सफाईच्या आधीचे मूळ फोटो वर्षभर ठेवतात, मग पुसून टाकतात. वर्ष भरत आले होते.

त्याच आठवड्यात मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचा एक धड फोटो नाही. आईचं झालं तसं तुमचं नको व्हायला. मी एक फोटोवाली फेरी ठरवू का तुमच्यासाठी? सगळीकडे असतात हल्ली.” मी कोणत्या शहरातली आणि कोणत्या संस्थेची ते लगेच सांगितले. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितले. “बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?” तिला खरे कारण मी सांगितले नाही. फोटो सापडला नाही तर एकानेच हिरमुसावे, दोघांनी कशाला.

तर मी बिस्किटी सदरा घालून हजर झालो. फोटोग्राफर पन्नाशीचा, पोक्त माणूस होता. त्याच्याबरोबर पांढरा पडदा धरून ऊन वळवायला त्याचा मेहुणा होता. पिवळे जाकीट, वरच्या बाजूला विरळ झालेले केस. मागच्या वर्षी हात आडवा करणारा तोच, हे मी ओळखले. त्याने मला ओळखायचे काही कारण नव्हते, मी थांबलेल्यांपैकी होतो.

पहिल्या जागी मी भिंतीला टेकून निवांत दिसायचे होते. ती भिंत सातशे वर्षांपूर्वीची होती आणि टोचत होती. दुसऱ्या जागी एका बंद दारातून नुकताच बाहेर आल्यासारखे दिसायचे होते. तिसऱ्या जागी खिशात एक हात घालून विचार करायचा होता. “कशाचा?” मी विचारले. “कशाचाही, काका. फक्त फार खोल नको, कपाळावर येतं,” फोटोग्राफर म्हणाला.

चौथी जागा म्हणजे तो चौक.

“आता कोणीतरी हाक मारल्यासारखं वळा,” तो म्हणाला.

मी वळलो.

“असं नाही, काका. हे पोलिसांनी हाक मारल्यासारखं झालं. घरच्या माणसानं मारल्यासारखं वळा.”

मी पुन्हा वळलो. त्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. मेहुण्याने पडदा या हातातून त्या हातात घेतला. “राहू द्या,” फोटोग्राफर म्हणाला. “आपण बाकावर बसूनच घेऊ.”

फेरी संपली की ग्राहकाला कार्यालयात नेऊन फोटो निवडायला बसवतात. कार्यालय त्या बुटांच्या दुकानाच्या वर आहे. एक लांबट खोली, तीन संगणक, खिडकीत वाळत घातलेला पांढरा पडदा. सफाई विभागात एक बाई आहेत. दिवसभर त्या माणसे काढून टाकतात आणि त्या जागी फरशी घालतात. अतिशय नीटनेटके काम आहे.

“हे बघा काका, बाकावरचा छान आलाय,” त्या म्हणाल्या.

“मला गेल्या वर्षीचा पाहिजे.”

“गेल्या वर्षी आला होतात तुम्ही आमच्याकडे?”

“मागे होतो.”

“मागचे आम्ही काढतो.”

“काढण्याआधीचा पाहिजे.”

मग मी त्यांना सगळे सांगितले. तळहातांपासून. बाईंनी तारीख विचारली, ती मला पाठ होती, आणि त्या दिवसाचे फोटो उघडून एकेक पुढे सरकवू लागल्या. माणसे आली, कबुतरे आली, घड्याळवाला आला. मग कपाळाला कपाळ लावलेले ते जोडपे आले. एकदा, दोनदा, अनेकदा. मग एका फोटोच्या कडेला एक पिशवी आली, तिच्यातून गाळण्याची दांडी वर आलेली. बाईंनी पुढचा फोटो उघडला.

ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळून गेली होती. यंत्राला ग्राहक कोण ते कळत नाही, जो चेहरा जवळ असेल तो ते धरते. त्यामुळे ती लख्ख आली होती आणि ज्यांचा फोटो होता ते दोघे मागे बिस्किटाच्या चुऱ्यासारखे झाले होते. मान मागे वळलेली, तोंड हसण्यात आणि बोलण्यात अर्धे उघडे. हसू डोळ्यांपर्यंत गेलेले होते. (कोणीही सूचना दिलेली नसताना.) फोटोच्या खाली संस्थेने नोंद केली होती: वाया.

“या बाई,” माझ्या पाठीमागून मेहुणा म्हणाला. तो पडदा घडी करायला आला होता. “यांना मी ओळखतो. मी हात आडवा धरला होता, तर खालून वाकून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, दिवसभर असा धरून हात दुखत नाही का हो तुमचा?”

हे मला माहीत नव्हते. ती गेल्यापासून तिच्याबद्दलची नवीन गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी विचारले, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? दुखतो म्हणालो.”

इथे अडचण आली. बाई म्हणाल्या, “काका, दुसऱ्या गिऱ्हाइकांचा फोटो असा देता येत नाही. नियम आहे.”

“मला त्यांचा नकोच आहे.”

“पण ते दोघं आहेत ना त्यात.”

“त्यांना काढा,” मी म्हणालो. “पाचपर्यंत मोफत आहे.”

बाईंनी माहितीपत्रक उलटसुलट करून बघितले आणि फोटोग्राफरला हाक मारली. त्याने ते ठळक वाक्य दोनदा वाचले. इतकी वर्षे ते छापत होते, पण वाचायची वेळ त्याच्यावर बहुधा आली नव्हती. “पण ते ग्राहक होते,” तो म्हणाला.

“गेल्या वर्षी होते. आज मी आहे.”

“आणि फोटो तुमचा कसा?”

“मी आहे त्यात,” मी म्हणालो, आणि संगणकाच्या पडद्यावर डावीकडे, मागच्या बाजूला, थांबलेल्या माणसांमध्ये बोट ठेवले.

तो चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकला. नियमात आता बसत होते, आणि नियमात बसल्यावर काय करायचे हे त्याला सुचेना.

“देऊन टाका, दाजी,” मेहुणा म्हणाला. “तसाही वायाच गेलेला आहे.”

बाई कामाला लागल्या. आधी जोडप्यातला तो गेला, मग ती गेली. त्यांच्या जागी फरशी आली, दगडांमधल्या सांध्यांसकट. “अजून तीन माणसं शिल्लक आहेत तुमची,” बाई म्हणाल्या. “मागची गर्दी काढू? मोकळं छान दिसेल.”

“उजवीकडचे काढा. हा डावीकडचा राहू दे.”

“काका, फार धूसर आलात हो तुम्ही. ओळखूसुद्धा येत नाही.”

“तिला दिसत होतो,” मी म्हणालो.

ओळखपत्रावरचा फोटो आता कपाटात आहे. मुलगी येऊन भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली, मग नाक पुसून म्हणाली, “बाबा, तुम्हाला तुमचा फोटो काढायला पाठवला होता. तो कुठाय?” मी दाखवला. तिने डोळे बारीक केले आणि ते भुरकट काहीतरी खांब आहे असे मत दिले. मी वाद घातला नाही.

आता राहिला एकच मुद्दा, तो तुमच्याविषयी. गेल्या वर्षी बिस्किटी कपडे घालून, कपाळाला कपाळ लावून त्या चौकात उभे असलेले ते दोघे तुम्हीच असाल, तर कळवण्यास आनंद वाटतो की आमच्या घरी भिंतीवर तुम्ही नाही आहात. नको असलेल्या व्यक्तींमध्ये तुमची गणना झाली. राग नसावा, सेवा मोफत होती. तुमच्या जागी फरशी फार सुरेख बसली आहे, इथे कोणी होते असे सांगूनही कोणाला पटत नाही. तुम्हाला याचे काही जाणवलेही नसेल. तुमच्या घरच्या फोटोत तुमच्या मागे जी छान मोकळी जागा आहे, तिचेही तसेच असते.